बारा खणांचा गोठा आणि न चढलेली शिडी

माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं खोटं तीन शब्दांचं आहे. ‘छताची पाहणी केली.’ त्याखाली माझी सही, सहीखाली तारीख, तारखेवर अर्धा चढलेला गोल शिक्का. अक्षर मात्र बघत राहावं असं. पाटीवर गिरवून गिरवून कमावलेलं.

ते खोटं लिहिणारी पोरगी तेव्हा एकतीस वर्षांची होती. आज समोर आली तर मी आधी तिचा गॉगल काढून घेईन, मग टाचेच्या चपला काढायला लावीन, आणि म्हणेन, ‘चढ आधी वर. मग लिही.’

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. बाहेरच्यांना हे काम कळत नाही, म्हणून सांगते. इंजिनिअर कागदावर रेघ मारतो, गवंडी तीच रेघ जमिनीवर मारतो, आणि दोन्ही रेघा एका जागी आल्या का हे उन्हात उभं राहून बघतो तो ओव्हरसियर. त्या काळी आमच्या बीड जिल्ह्यात बाई ओव्हरसियर म्हणजे जत्रेतली पाच पायांची गाय. कामावर गेले की आधी लोक मला बघून घ्यायचे, मग काम सुरू व्हायचं. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? अबोली साडीला कांजी मारून कडक इस्त्री करायचे आणि जीपमधून उतरताना गॉगल कपाळावर सरकवायचे. ज्ञान नव्हतं असं नाही. पण ते सगळं गॉगलच्या खाली होतं.

निवृत्त झाल्यावर मी अंबाजोगाईला राहू लागले आणि मला गोठ्यांनी धरलं. झालं असं की ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि गावोगाव दगडी गोठे रिकामे पडले. आमच्याकडं माणसाच्या घरापेक्षा बैलाचा गोठा जास्त विचार करून बांधलेला असायचा. माणसाला उकडलं तर तो उठून ओट्यावर जाऊन झोपतो. दाव्याला बांधलेला बैल कुठं जाणार? म्हणून भिंत दोन हात जाड, जमिनीला मागच्या नालीकडं हलका उतार, आणि छतात उजेडा-वाऱ्यासाठी ठेवलेलं गोल भोक, ज्याला आम्ही सानं म्हणतो. अशी इमारत पाडायची म्हणजे पाप. मग लोक विचारू लागले, ‘मॅडम, याचं काय करता येईल?’ एकाला अभ्यासिका हवी होती. एकाला धारूरच्या रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायचं होतं आणि गव्हाणीचं, म्हणजे बैलांच्या वैरणीच्या कुंडाचं, हात धुवायचं बेसिन करायचं होतं. मी हसले, पण केलं. छान दिसतं. लोक हात धुताना फोटो काढतात.

पहिला गोठा मात्र मी नोकरीत असतानाच बिघडवला होता. एका गावात व्यायामशाळा करायची होती. मी भिंतींना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा मारून घेतला. गफूरभाई गवंडी तेव्हापासून माझ्याबरोबर आहेत. ते म्हणाले होते, ‘बाई, ये दीवाल जनमभर बैलाँ का मूत पी को बैठी है. सिमिट लगाए तो थूक देगी.’ मी त्यांना सिमेंटचे गुण समजावून सांगितले. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे नारळ फोडत असताना भिंतीनं परातीएवढा पोपडा त्यांच्या पायाशी टाकला.  गफूरभाईंनी फक्त टोपी नीट केली.

पण मला सांगायचं आहे ते बारा खणांच्या गोठ्याचं.

केजहून धारूरकडं जाताना बालाघाटाचा चढ लागायच्या आधी एक फाटा फुटतो, तिथं आत ते गाव आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक बघायला येतील, आणि तिथं आता जे राहतात त्यांना गर्दी चालत नाही. का ते पुढं येईलच.

किल्लारीच्या भूकंपानंतरचे दिवस. आमच्या बाजूला पडझड थोडी होती, पण भीती घराघरात शिरली होती. तिकडं दगडामातीच्या घरांनी, जड माळवदांनी झोपलेली माणसं गाडली होती. त्याबद्दल आजही मी थट्टा करणार नाही. वरून हुकूम आला की गावोगाव जाऊन धोकादायक घरं शोधा, अहवाल लिहा, दारावर लाल फुली मारा. मी लाल रंगाचा डबा घेऊन निघाले.

माळवद म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. खांबांवर आडव्या जाड तुळया टाकायच्या, दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. तुळयांवर कड्या, म्हणजे बारीक वासे, कड्यांवर लाकडाच्या फळकुट्या, त्यावर लिंबाचा पाला, मग चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती भिजली की चिकटून बसते आणि पाणी खाली सोडत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी नवी पांढरी टाकायची. टाकायची, टाकायची आणि टाकायचीच. जुनी काढायची नाही. घरावरची माती उतरते ती वंश बुडाल्यावर, असं आमच्याकडं मानतात. ज्याच्या माळवदावरून माती खाली येते त्याचं घर बसलं. म्हणून पणजोबाची माती, तिच्यावर आजोबाची, तिच्यावर बापाची. भाकरीच्या चळतीसारखी छतं वाढत जातात आणि खालच्या तुळया मुकाट्यानं वाकत जातात.

हे सगळं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, आणि गावात मी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या गोठ्याची मालकीण भागाबाई. साठीची, किडकिडीत, हातात शेणाची टोपली. मी आत गेले, वर बघितलं, तुळया वाकलेल्या दिसल्या. माझ्या वहीत प्रत्येक तुळईचं माप घेतलं. दोन खांबांमध्ये दोरी ताणायची आणि तुळईचं पोट दोरीच्या किती खाली आलंय ते मोजायचं. एवढं एक काम त्या पोरीनं चोख केलं, तिला तेवढं श्रेय देते. मग पेन्सिलीनं खांबाला टोचलं. पेन्सिलीचं टोक मोडलं. तरी मी लिहिलं, ‘लाकूड कुजलेले आहे.’

‘तुमी वर जाऊन बघितलं का, बाई?’ भागाबाई म्हणाली.

‘इथून दिसतंय की आजी. तुळया वाकल्यात.’

‘वाकल्यात ते मला बी दिसतंय. कावून वाकल्या, ते वर हाय.’

बाहेर भिंतीला बांबूची शिडी लावलेली होती. खाली पंधरा-वीस गडीमाणसं उभी. अंगात अबोली साडी, पायात टाचा. आणि तेव्हा कुणाला न सांगितलेली गोष्ट : मला शिडीची भीती वाटायची. शिडीला भिणारी ओव्हरसियर म्हणजे पाण्याला भिणारी म्हैस. मी गॉगल लावला आणि म्हटलं, ‘गरज नाही.’

भागाबाई जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, ‘माय, वर माती लई झालीय. म्या किती डाव सांगितलं, उतरवा. घरातले म्हणतात म्हातारी घर बुडवायला निघाली. तुमी लिहून द्या की. माती उतरवा म्हणून लिहा. सरकारी कागद आला तर ऐकतील.’

‘मातीनं काय होतंय, आजी?’ मी म्हटलं.

आणि लिहिलं, ‘इमारत धोकादायक. पाडण्यात यावी. छताची पाहणी केली.’

दाराच्या दगडी चौकटीवर ब्रशनं फुली मारली. भागाबाई तिच्याकडं बघून म्हणाली, ‘माणसांच्या घरावर मारा की. हितं बैलं राहतात. त्यांला वाचता येत न्हाई.’

जीपमध्ये बसल्यावर हे वाक्य मी ड्रायव्हरला सांगितलं आणि आम्ही दोघं केजपर्यंत हसलो. आता मीच ते सांगते आणि दुसरे हसतात.

तीस वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात मला एक फोन आला. ‘मॅडम, तुमी जुने गोठे बघता म्हनं. आमचा बघायला येता का? लवकर या, पाडायला निघालेत.’

फोन उज्ज्वलाचा होता. पस्तिशीची, आवाजात घाई. तिनं दोन एकर तुती लावली होती आणि रेशमाच्या अळ्या पाळायची. आमच्या जिल्ह्यात हल्ली खूप जण करतात. तुतीचा पाला अळ्यांना घालायचा, महिनाभरात त्या कोष विणतात, कोष विकायचा. पण अळी फार नाजूक जात. ऊन सोसत नाही, धूर सोसत नाही, वास सोसत नाही. उज्ज्वलाचं शेड पत्र्याचं. चैतात पत्रा तापला आणि ऐन कोषावर आलेली बॅच तिच्या डोळ्यांदेखत मेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. सासरच्यांनी सांगितलं होतं, आणखी एक उन्हाळा बघू, नाहीतर तुती उपटून सोयाबीन. तिला एकच जागा दिसत होती : सासूच्या वाट्याला आलेला जुना गोठा.

मी गफूरभाईंना घेऊन गेले. गाव ओळखीचं वाटलं, पण मी गावं शेकड्यानं पाहिलीत. गोठ्यात शिरले आणि अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं झालं. बाहेर वैशाखाचं ऊन, आत माघाची सकाळ. बारा खण, दोन्ही अंगांना गव्हाणी, मधून भरली गाडी वळेल एवढी वाट. सान्यातून उजेडाचा एक खांब खाली उतरलेला. गफूरभाईंनी एका सागवानी खांबावर थाप मारली आणि म्हणाले, ‘बाई, ये तो अपन मरे बाद बी खड़ा रहेगा.’

तेवढ्यात उज्ज्वलानं ग्रामपंचायतीची नोटीस पुढं केली. तिचे चुलत सासरे बापूतात्या, शेजारच्या घरात राहणारे, त्यांनी तक्रार केली होती : गोठा आमच्यावर पडेल, पावसाआधी पाडा. पुरावा म्हणून मागं, दप्तरात इतकी वर्षं नुसताच पडून राहिलेला, एक पिवळा कागद जोडलेला होता.

मी अक्षर ओळखलं. कुणीही ओळखलं असतं, एवढं सुंदर अक्षर.

‘कोण बाई हाय ही कुणास ठाव,’ उज्ज्वला चिडून म्हणाली. ‘हिच्या कागदानं माझं वाटुळं केलं. जिती तरी हाय का मेली!’

‘जिवंत आहे,’ मी म्हटलं. ‘गुडघे तेवढे दुखतात.’

तिनं माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. गफूरभाई टोपी नीट करू लागले. मग उज्ज्वला भिंतीला टेकून खाली बसली आणि एवढंच म्हणाली, ‘मग आता, मॅडम?’

‘आता शिडी आण.’

शिडी लोखंडी होती, हे माझं नशीब. पदर खोचला, चपला काढल्या. खालून गफूरभाई शिडी धरून माझ्याकडं न बघता आभाळाकडं बघत उभे राहिले, एवढा सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही. चौथ्या पायरीवर मी डोळे मिटले. आठव्या पायरीवर देवाचं नाव घेतलं. आणि मग मी माळवदावर होते, तीस वर्षं उशिरा.

भागाबाई म्हणाली होती, कावून वाकल्या ते वर हाय. होतंच. टिकावानं कडेला खाच पाडली तर माती माझ्या मांडीपर्यंत. पांढरा थर, मग शेवाळाची काळी बारीक रेघ, पुन्हा पांढरा थर. एक थर म्हणजे एक साल. मधूनच काचेच्या बांगडीचा तुकडा, एक नाल, एक गोटी. मी थर मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

मग दिसलं की एका जागी छत खोलगट होतं, काठोकाठ भरलेल्या टोपल्यांच्या रांगेत एक टोपली अर्धी असावी तसं. तिसरा खण. तिथली माती निम्मीसुद्धा नव्हती. पावसानं वाहून गेली म्हणावं तर कडा सरळ, हातानं काढल्यासारखी.

खाली येऊन विचारलं तर कुणालाच माहीत नाही. उज्ज्वलाची सासू कौसाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं सून आत गेलेली बघितली आणि बोलली.

‘आत्याबाईनं काढलीय.’

आत्याबाई म्हणजे तिची सासू, भागाबाई. वारून बरीच वर्षं झालेली.

‘तुमी फुली मारून गेलात ना, त्या सालापासून. सांजेला वर वाळवण काढायला जायच्या. टोपल्यात खाली माती, वरून शेणकुटं. परसात नेऊन वाफ्यात टाकायच्या. मला म्हणाल्या, कौसे, कुणाला सांगू नको, लोक म्हणतील म्हातारी आपल्या हातानं घर बुडवती. एक खण झाला आणि गुडघे बसले त्यांचे. मग म्हणाल्या, निदान या खणावर नवी तरी टाकू देऊ नको.’

मी त्या रात्री अंबाजोगाईला परत आले आणि ट्रंक उपसली. मापांच्या वह्या मी कधी टाकल्या नाहीत. सगळं खोटं असलं तरी मापं खरी होती, हा माझा एकमेव दागिना. बारा खणांचा गोठा, भागाबाईचा. तिसऱ्या खणाची तुळई : दीड इंच खाली. चौथी : दीड इंच. पाचवी : पावणेदोन.

दुसऱ्या दिवशी तशीच दोरी पुन्हा ताणली. चौथी तुळई साडेतीन इंच उतरली होती. पाचवी जवळजवळ चार. तिसरी दीडच्या दीड. भागाबाईनं टोपलीटोपलीनं जेवढं ओझं उतरवलं होतं, तेवढी एक तुळई तीस वर्षं जागच्या जागी थांबली होती. मी इंजिनिअरिंगची पदविका घेऊन जे लिहिलं नाही, ते त्या बाईनं शेणकुटाखाली लपवून सिद्ध करून ठेवलं होतं.

ग्रामसभा शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरली. सरपंचबाईंनी नोटीस वाचली, माझा जुना अहवाल वाचला. ‘छताची पाहणी केली,’ इथं आल्यावर मी हात वर केला.

‘हे खोटं आहे,’ मी म्हटलं. ‘ते मी लिहिलंय. मी वर चढले नव्हते.’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘मग लिव्हलं कावून?’

‘साडी कडक होती. आणि शिडीची भीती वाटत होती.’

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले असते, पण बापूतात्या हसत नव्हते. ते उठून उभे राहिले. उंच, वाकलेला माणूस, डोक्याला रुमालाची टापशी.

‘बाई, माझी बहीण किल्लारीकडं दिलेली होती. माळवदाखाली गेली. लेकरासगट. तुमी लाल फुली मारली तवा म्या दुसऱ्या दिवशी माझ्या घराचं माळवद उतरवलं, पत्रा टाकला. उन्हाळ्यात आमी त्या पत्र्याखाली भाजतो, पर जीव तर हाय म्हणतो. आता तुमी सांगता खोटं होतं. मग माझ्या माळवदावर तरी चढलता का तुमी?’

‘नाही, तात्या.’

  त्या गावात मी किती फुल्या मारल्या होत्या ते मी वहीत मोजून आले होते, आणि प्रत्येक फुलीखाली एक न चढलेली शिडी होती.

‘तात्या,’ मी म्हटलं, ‘तुमची भीती खरी आहे. माळवद माणसं मारतं. पण मारतं ते वरची माती आणि फुटलेली भिंत. मी तेव्हा विचार न करता पाडा म्हटलं. आज मी विचार न करता ठेवा म्हणणार नाही. माती उतरवू द्या. भिंती बांधून घेऊ द्या. चौथ्या तुळईखाली मी दोरी ताणते, तुळईचं पोट टेकेल अशी. माती उतरल्यावर तुळई दोरीपासून सुटली नाही, तर मी स्वतः पहिली पहार मारीन.’

‘आणि वंश बुडला तर?’ मागून एक म्हातारी म्हणाली.

दारातून कौसाबाई बोलली. ती ग्रामसभेत आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. ‘आत्याबाईनं उतरवली. बुडला का? चार नातू हायेत.’

सरपंचबाईंनी मृगापर्यंत मुदत दिली.

माती उतरवायला गावातला एक गडी आला नाही. उज्ज्वला, तिचा नवरा दत्ता, तुती करणाऱ्या पाचसहा बाया, गफूरभाई आणि मी. माती वरून खाली, खालून तुतीच्या वावरात. सगळीकडून एकसारखी काढायची, एका अंगानं हलकी केली तर खांब कलतात, म्हणून मी वरच बसून राहिले, छत्री उघडून. बाया म्हणायच्या, ‘मॅडम, आता उतरा की.’ मी म्हणायचे, ‘तीस वर्षांची हजेरी भरून काढतेय.’

तिसऱ्या दिवशी दुपारी खालून दत्ताची हाक आली. मी शिडीवरून कशी उतरले ते मला आठवत नाही. चौथ्या तुळईचं पोट सकाळपर्यंत दोरीला टेकलेलं होतं. आता दोरी आणि लाकूड यांच्यामध्ये उजेडाची फट दिसत होती. दारात लोक जमले. बापूतात्याही आले. त्यांनी कुणाला काही न विचारता हात वर केला आणि तर्जनी त्या फटीत घातली. बोट सहज गेलं. 

‘गेलं की बे,’ ते दत्ताला म्हणाले, जणू दत्तानंच पैज लावली होती.

मग बाकीचं काम. याचा मला गर्व आहे, म्हणून थोडं सांगते. दगडी भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन कातड्या असतात, मधे मुरूम भरलेला. भूकंपात त्या दोन्ही एकमेकींपासून सुटतात. आम्ही ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवले, कोपऱ्यांना लोखंडी पट्टीनं बांधलं. माळवदावर माती ठेवली ती वीतभर, तिच्याखाली ताडपत्री. भिंतींचा मुताचा क्षार काढायला गफूरभाईंनी ओल्या मातीचा लेप चोपडला, वाळला की काढून फेकला, पुन्हा चोपडला. तीनदा. क्षार मातीत उतरून येतो. मग चुन्याचा गिलावा. सिमेंटची एक चिमूटसुद्धा नाही. मी शब्द काढायच्या आतच गफूरभाई म्हणाले, ‘याद है बाई? नारल?’

सान्याला बारीक जाळी लावली, पालींसाठी. गव्हाण्या तशाच ठेवल्या, आता त्यात पाला गार राहतो. जमिनीचा उतार मी पूर्वी ‘दोष’ म्हणून लिहिला होता. रोज धुवायच्या शेडाला त्याहून चांगली जमीन कुणी करून देणार नाही.

फुली राहिली होती. गफूरभाईंनी चौकट घासून ती पुसली, आणि मी पुसू दिली. म्हटलं, जाऊ दे, बैलांनाही वाचता येत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा अळ्या शेवटच्या खाण्यावर होत्या. आत शिरताना उज्ज्वलानं पाय चुन्याच्या पाण्यात बुडवायला लावले आणि बोलू नका म्हणाली. मी कान देऊन उभी राहिले. बारा खणांत रॅकवर रॅक, हिरवा पाला, आणि पाल्याखाली लाखभर तोंडं. बारीक, सलग, चावल्याचा आवाज. कुठंतरी दूर दावणीला बैल कडबा खात असावेत तसा. गोठा पुन्हा खात होता.

कोपऱ्यात, सान्याखालच्या गारव्यात, बापूतात्या घोंगडीवर झोपले होते. त्यांची बिडीची पुडी आणि काडेपेटी बाहेर दगडावर ठेवलेली होती. उज्ज्वला कुजबुजली, ‘रोज येतात दुपारचे. घोरायचं न्हाई या बोलीवर.’

ती बॅच कोषावर गेली. तुती उपटली नाही.

ग्रामपंचायतीत आता गोठ्याचा नवा अहवाल आहे. अक्षर पूर्वीसारखं राहिलं नाही. पहिलं वाक्य आहे, ‘शिडी चढून वर गेले.’ दुसरं, ‘माती उतरवण्याची सूचना या घरातील भागाबाई यांनी पूर्वीच केली होती.’ सरकारी भाषेत असं लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

दर मृगाच्या आधी उज्ज्वलाचा फोन येतो. ‘मॅडम, नवी पांढरी टाकायचीय.’ मी म्हणते, ‘आधी जुनी तेवढी काढ. मी येते.’ आणि खरंच जाते. मुलगा ओरडतो, नात वर चढतानाचा व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवते. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मला जिना चढायला सक्त मनाई केली आहे. शिडीबद्दल ते काही बोललेले नाहीत, आणि मी विचारलेलं नाही.